ओलिओ म्हणजे तेल

मला कुणी प्रामाणिक मिस्त्री म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्याची काही चूक नसते. बिचारा गाडी न्यायला आलेला असतो, गाडी एका किकमध्ये सुरू झालेली असते आणि तो मनापासून बोलतो. मी मात्र त्याच्याकडं न बघता चिंध्याला हात पुसत बसतो. बायको म्हणते, लोक चांगलं बोलतात तरी तुम्ही तोंड वाकडं करता. खरं कारण तिला मी कधी सांगितलं नाही. इथं लिहून टाकलं की एकदाचा सुटेन असं वाटतं. सुटणार नाही, तेही ठाऊक आहे.

गोवा आपला झाला त्यानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी सांगलीत एका गॅरेजात होतो. होतो म्हणजे काय, झाडलोट करायची, सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे आणि मिस्त्रीनं हात पुढं केला की त्यात पाना ठेवायचा. वय पंचवीस, लग्न झालेलं, मिशी आलेली, आणि दोन वर्षांत एक बोल्ट म्हणून मी माझ्या हातानं आवळला नव्हता. मिस्त्री माणूस वाईट नव्हता. पण माझ्यासारख्याच्या हाती इंजिन द्यायचं हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. मालकाच्याही येत नव्हतं.

छप्पन साली माझे वडील नागपूरला जाऊन आले. आल्या आल्या घरातले देव पाटीत घातले, कृष्णेत नेऊन सोडले आणि चावडीपुढं उभं राहून सांगितलं, आजपासून आमच्या घरातलं कुणी मेलेली ढोरं ओढणार नाही, गावकीचं कुठलंच काम करणार नाही. आमचं गाव कराडच्या पलीकडं. पुढची काही वर्षं आम्ही काय खाल्लं ते आम्हाला माहीत. मला त्यांनी हाताला धरून सांगलीला आणलं आणि गॅरेजमालकापुढं उभं केलं. "ह्याला हत्यार शिकवा," एवढंच म्हणाले. गावात लोक वाट बघत होते, पोरगं कवा परत येतंय, आणि म्हातारा कवा वाकतोय. मी परत जाणं म्हणजे वडिलांनी त्याच चावडीपुढं परत उभं राहणं होतं. मला दुसरं काही नको होतं. पाना पाहिजे होता.

अशात ती फटफटी आली. कडेगावकडच्या एका बागाईतदाराचा मुलगा फौजेत अधिकारी होता. त्यानं गोव्यात कुणा परत चाललेल्या पोर्तुगीज माणसाकडून ती घेतली होती. इटालियन. ना मोठी, ना लहान, पळण्यासाठीच केलेली. लाल टाकी इतकी लांब की चालवणाऱ्यानं तिच्यावर पोट टेकून पडावं. मिरज स्टेशनावरून ती आमच्याकडं बैलगाडीत बसून आली, कारण ती बंद होती. बरोबर एक पुस्तक होतं. पानोपानी इंजिनाची चित्रं, सगळे भाग सुटे करून हवेत टांगलेले, प्रत्येकाला आकडा, आणि खाली काहीतरी लिहिलेलं. कुठला भाग कुठं बसतो, कवा काय साफ करायचं, किती आवळायचं, सगळं त्यात होतं. फक्त वाचता येणारा माणूस सांगलीत नव्हता.

तो अधिकारी सुट्टीवर आला होता. त्याला दसऱ्याला ह्याच गाडीवर गावात जायचं होतं, सोनं लुटायला, सगळ्या गावादेखत. मिस्त्रीनं पुस्तक उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "इंग्लिश गाडी आसंल तर आणा. ही इटालियन बया मी उघडत न्हाई." मालकाचं तोंड उतरलं. एवढ्या मोठ्या घरचं गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं. तेव्हा मी बोललो. कुठनं हिंमत आली कुणास ठाऊक. "मालक, मला इंग्रजी अक्षरं येत्यात. मी वाचून बघतो."

मालकानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दसऱ्याला सुरू करून दिलीस तर पाना तुझा. फिटर म्हणून ठेवतो. आणि बिघडवलीस तर मग हितं थांबू नगंस. सरळ गावाकडं जा."

अक्षरं येतात म्हणजे काय, सातवीपर्यंत शिकलो होतो. अक्षराला अक्षर जोडून आवाज काढता यायचा. इंग्रजी नाही हे पहिल्या ओळीलाच कळलं. मी पुस्तक घेऊन वणवण फिरलो. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, हे आमच्या विषयात येत नाही. मिरजेच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, भाषा इटालियन असावी, आणि पुढचा पेशंट आत बोलावला. आठ दिवस असेच गेले. जेवण जात नव्हतं.

गॅरेजासमोर हळदीची वखार होती. तिच्या पायरीवर बसून मी एका दुपारी शाळेतल्या पोरासारखा मोठ्यानं अक्षरं लावत होतो. ओ, एल, आय, ओ. परत ओ, एल, आय, ओ. माझ्या मागं वखारीचा राखणदार बसलेला. मलकापूरचा म्हातारा, जुना फौजी, अंगावर कायम खाकी सदरा आणि तोही हळदीनं पिवळा झालेला. तो खदाखदा हसायला लागला.

"ओलिओ," म्हणाला. "तेल रं ते. ओलिओ म्हंजे तेल."

मी मागं वळून बघतच राहिलो. म्हातारा मोठ्या लढाईत इटलीत होता. मांडीत गोळी घुसली आणि पलटण पुढं गेली, तेव्हा तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरात त्यानं कित्येक दिवस काढले होते. त्या घरातली बाई त्याची जखम धुवायची, पाव तेलात बुडवून भरवायची आणि बोलत राहायची. त्यातले जेवढे शब्द कानात राहिले तेवढे त्यानं वीस वर्षं जपून ठेवले होते. चहा मिळाला की तो चहावाल्याला "ग्रात्सिए" म्हणायचा. पेठेतल्या हमालांना ते येडेपण वाटायचं. तो म्हणायचा, "म्हंजे थँक्यू, गाढवांनो."

म्हाताऱ्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पेन्शनीला अंगठा लावायचा. मला अक्षर येत होतं, अर्थ येत नव्हता. त्याला अर्थ येत होता, अक्षर येत नव्हतं. रोज दुपारच्या सुट्टीत मी पुस्तक घेऊन जायचो. तो मला त्याच्या खाटेवर शेजारी बसवायचा. पहिल्या दिवशी मी खालीच टेकलो, तर ओरडला. "वर बस. त्या बाईनं मला कुठं इचारलं हुतं का, तू कोण म्हणून?" त्याच्याच पेल्यातला चहा मला द्यायचा.

मी एक-एक अक्षर लावून आवाज काढायचो आणि तो डोळे मिटून ऐकायचा. दहा शब्दांतले दोन लागायचे. तेस्ता म्हणजे डोकं, म्हणजे इंजिनाचं हेड. पियानो म्हणजे हळू, म्हणजे पाना बेताबेतानं आवळायचा. बाकीचं चित्रावरनं ओळखायचं. जो शब्द माहीत नसेल तिथं तो सरळ सांगायचा, "ह्यो मला येत न्हाई. खोटं सांगनार न्हाई गड्या, इंजन हाय." पानापानावर त्याच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले. खरं सांगतो, त्या म्हाताऱ्याइतका जपून बोलणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

एका पानावर हेडखालच्या सिलिंडरचं चित्र होतं. त्याच्या काठावर एक बारीक भोक, त्याला बाण, आणि वर जाड अक्षरांत एक शब्द. मी लावला. आत्तेन्सिओने. म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"सुरुंग पेरल्याला आसायचा तिथं लोक ह्येच वरडायची, म्हंजे जपून," तो म्हणाला. "खाली काय लिवलंय?"

खाली होतं पुलीरे, सेम्प्रे, आणि ओलिओ. पुलीरे म्हणजे साफ करणं. ती बाई जखम धुताना म्हणायची. सेम्प्रे म्हणजे नेहमी. तेलाचं भोक कायम साफ ठेवायचं. त्यातनं तेल वर चढतं आणि हेडला मिळतं. म्हाताऱ्यानं त्या शब्दाखाली बोट दाबून धरलं आणि मला दोनदा म्हणायला लावलं. मी म्हटलं. इतकं स्वच्छ मला सांगितलं गेलं होतं.

काम अवघड होतं, पण होत गेलं. स्प्रिंग तुटलेली, नवी मिळणार कुठं? उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनाची स्प्रिंग आणली आणि कापून बसवली. हेडखालचं गॅसकेट तांबटाकडनं पत्रा आणून कातरलं. पुस्तकातली मापं मिलिमीटरची, आमचा लेथवाला सूत आणि इंचावर चालणारा; त्याच्याशी रोज भांडण. मिस्त्री लांबनं बघायचा. शेवटी शेवटी जवळ येऊन बघायला लागला.

आणि खंडेनवमी आली. हेड बसवायचं तेवढं राहिलं होतं. त्या दिवशी दुपारपासून हत्याराला हात लावायचा नाही, हा गॅरेजाचा रिवाज. सगळे पाने, हातोडे, पकडी धुऊन फळीवर मांडले, झेंडूच्या माळा घातल्या, हळद-कुंकू वाहिलं. उघड्या इंजिनावर मिस्त्रीनं स्वतः फडकं टाकलं. मी दरवर्षी अशा वेळी दाराबाहेर थांबायचो. कुणी काही म्हणायचं नाही. ह्या वेळी मिस्त्री ताट घेऊन बाहेर आला आणि माझ्या मुठीत कुंकवाच्या अक्षता दिल्या. "आता तू बी हत्याराचा मानूस. चल," म्हणाला.

त्याला तो मान वाटत होता. मलाही वाटला, हीच लाजेची गोष्ट. मी आत गेलो. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझा हात उघडेना. नागपूरहून आलेले वडील आणि ती पाटी डोळ्यांपुढं आली. मूठ तशीच मिटून मी उभा राहिलो. पूजा झाली, प्रसाद झाला, सगळे घरी गेले. गॅरेजात मी एकटा राहिलो.

उद्या गाडी सुरू झाली नाही तर काय, हे आठ-पंधरा दिवस डोक्यात नुसतं घुमत होतं. झोप नाही, अन्न गोड लागत नाही. हत्याराला देव मानणारी ही सगळी माणसं, ह्यांची इंजिनं चालतात. माझंच चाललं नाही तर? माझ्या हातात त्या अक्षता घामानं ओल्या झाल्या होत्या. मी इंजिनावरचं फडकं उचललं आणि मूठ उघडली.

टाकल्या आणि तिथंच भानावर आलो. वडील समोर उभे असते तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी घाबराघुबरा होऊन दाणे वेचायला लागलो. पिस्टनवरचे, काठावरचे, खाली सांडलेले. लाल दाणे लोखंडावर दिसत होते म्हणून वाटलं, सगळे निघाले. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. परत फडकं टाकलं आणि कुलूप लावून घरी गेलो. बायकोनं विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, दमलोय.

दसऱ्याला पहाटेच हेड बसवलं. तिसऱ्या किकला फटफटी सुरू झाली. काय आवाज होता. पेठेतली माणसं बाहेर आली. मालकानं सगळ्यांदेखत फळीवरचा पाना उचलला आणि माझ्या हातात दिला. समोरच्या पायरीवर म्हातारा फौजी उभा होता. त्यानं टाच जुळवून मला सलाम ठोकला. अधिकारी टाकीवर वाकला आणि तासगावच्या रस्त्यानं गेला. मी तिथंच भिंतीला टेकून रडलो.

दुपारी वडील आले. दसरा आमचाही मोठा दिवस; आमच्या गल्लीत वंदनेला सगळे पांढरे कपडे घालून जमायचे होते. मी पाना खिशात घालूनच त्यांच्यापुढं गेलो. त्यांनी तो हातात घेतला, वजन बघितलं आणि परत दिला. तेवढ्यात गॅरेजापुढं ट्रक थांबला. वर फटफटी आडवी पडलेली आणि पुढं ड्रायव्हरशेजारी तो अधिकारी, कोपर सोललेलं, सदरा फाटलेला. तासगावच्या अलीकडं इंजिन जाम झालं होतं. चाक जागेवर धरलं आणि तो फेकला गेला होता. नशीब म्हणून वाचला.

मालकानं गाडी उतरवून घेतली. "उघड," एवढंच म्हणाला. मी उघडलं. वडील दारात उभे, मिस्त्री माझ्या उजव्या हाताला, मालक मागं. हेडमधला व्हॉल्व उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, तेलाशिवाय सुका चालून निळा पडला होता. मिस्त्रीनं बोट फिरवलं. "तेल चढलंच न्हाई. भोक बघ रं."

मी सायकलच्या चाकाची तार घेतली आणि भोकात घातली. काहीतरी लागलं. तार फिरवून ओढली तसा एक तांदळाचा दाणा माझ्या तळहातावर पडला. तेलानं काळपट झालेला, पण कुंकू अजून दिसत होतं.

मिस्त्री दिव्याची वायर ओढायला वळला होता. मी हात तोंडाकडं नेला, घाम पुसल्यासारखा, आणि दाणा गिळला. जळक्या तेलाची चव घशापर्यंत गेली.

"भोक मोकळं हाय," मी म्हणालो.

"मग तेल का चढलं न्हाई?" मालकानं विचारलं. खरं सांगितलं तर पाना जाणार, हे होतंच. पण त्याहून, दारात वडील उभे होते. त्यांच्या पोरानं अक्षता टाकल्या, त्यातल्या एकानं हे केलं, हे त्यांच्यादेखत बोलायचं होतं. मी चिंधीनं तार पुसत राहिलो. मालकानंच वाट काढली. "पुस्तक त्या वखारीवरच्या म्हाताऱ्यानं वाचून दिलं न्हवं?"

"व्हय."

"त्यानंच कायतरी उलटं सांगितलं आसंल. अडाणी मानूस, त्येला काय कळतंय."

"व्हय," मी म्हणालो.

दोन वेळा व्हय. त्या दोन शब्दांवर माझी सगळी उमर उभी आहे. मिस्त्रीनं दिवा विझवला. त्याला काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही. अधिकारी शिव्या घालत गावाला गेला. मालक म्हणाला, दांडा नवा करून घे, आता डोकं लावून बसव, पाना राहू दे. वडील वाटेत मला म्हणाले, "म्हातारं मानूस, चुकायचंच. तुझं काय चुकलं न्हाई." वंदनेला मी पांढऱ्या कपड्यांत मागं बसलो आणि मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारा गॅरेजात आला. पेठेत बोभाटा झालाच होता. अंगात इस्त्रीचा सदरा होता, पायात बूट. मालकाकडं गेला नाही, सरळ माझ्याकडं आला.

"पोरा, माझ्यामुळं मानूस मरता मरता वाचलं म्हनं. कुठला शब्द चुकला त्यो दाव मला."

मी पुस्तक उघडलं. मालक बाजूलाच उभा होता. कुठलं तरी पान उघडायचं म्हणून उघडलं, तर नेमकं तेच निघालं, त्याच्या पिवळ्या ठशाचं. मी बोट ठेवलं. म्हटलं, "ह्यो. पुलीरे."

"पुलीरे म्हंजे साफ करनं."

"न्हाई काका. तसं न्हाई निघालं."

तो बराच वेळ त्या शब्दाकडं बघत राहिला. त्याला तो वाचता येत नव्हता, तरी बघत होता. "ती बाई जखम धुताना म्हनायची रं," एकदा म्हणाला. मग मान हलवली. "लय वर्सं झाली. इसरलो आसंन. वंगाळ झालं." आणि बूट वाजवत निघून गेला.

दांडा नवा झाला, गाडी नीट झाली, पुढं कैक वर्षं पळाली आणि माझ्याच हाताखाली राहिली. मी फिटर झालो. गावात वडील ताठ मानेनं फिरले. म्हातारा समोरच होता, रोज दिसायचा. मी रोज ठरवायचो, आज सांगू. मालक नसताना सांगू, वडील गेल्यावर सांगू. तो मला अजूनही खाटेवर जागा करून द्यायचा. फक्त इटलीचं काही बोलायचा नाही.

दिवाळीनंतर एकदा मीच दोन चहा घेऊन त्याच्याकडं गेलो. त्या दिवशी नक्की सांगायचं होतं. त्यानं पेला घेतला, एक घोट घेतला. जुन्या सवयीनं ओठ हलले आणि थांबले. तो माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "ग्रात्सिए म्हंजे थँक्यूच न्हवं रं? का त्येबी चुकीचं हाय?"

पलीकडून मालकानं मला हाक मारली.

"मला काय ठावं काका," मी म्हणालो, आणि पाना घेऊन कामाला गेलो.